ज्यांना लेखक व्हायचं नव्हतं, त्यांची पुस्तकं

घाटमाथा

कुणी ‘मराठीत काय वाचू?’ असं विचारलं की तीच दहा-बारा नावं पुढे येतात. मृत्युंजय, ययाति, स्वामी, छावा. ती वाचावीतच. पण या धाग्यावर मला दुसऱ्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. माझं मत असं की मराठी गद्यातली सगळ्यात जिवंत पुस्तकं अशा माणसांनी लिहिली, ज्यांना लेखक व्हायचं नव्हतं. हे मत बरेच दिवस मनात आहे. तुम्ही ते तपासून बघावं, पटत नसेल तर खोडून काढावं, म्हणून लिहितोय.

माझा पहिला साक्षीदार विष्णुभट गोडसे आणि त्यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी बातमी आली आणि १८५७ साली ते चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले. पुढे काय झालं ते सालावरूनच कळावं. बंडाच्या ऐन धुमाळीत हे दोघे भटजी सापडले.

झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. शहर पडल्यावरची लूट त्यांनी ज्या बारकाईनं सांगितलीय ती मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. आधी सोनं-चांदी नेली, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. लुटीलाही क्रम होता, हे इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. घराघरातून मालाचा एकेक प्रकार नाहीसा होताना ज्यानं पाहिला त्यालाच ते लिहिता येतं.

आणि ती विहिरीची जागा. झाशी सोडून निघालेली राणी काल्पीच्या वाटेवर भटजींना दिसते. पठाणी पोशाख, सर्वांगावर धूळ, तहानेनं तोंड सुकलेलं. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, अशा अर्थाचं बोलते. मग स्वतः मडकं विहिरीत सोडते आणि ओंजळीनं पाणी पिते. राणीवर नंतर कितीतरी नाटकं, कादंबऱ्या, सिनेमे आले. त्यांतली घोड्यावरची राणी मला आठवते खरी, पण ती खरी वाटते ती या विहिरीपाशी.

भटजींनी हे १८८३च्या सुमारास लिहिलं, तेही चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून. छापलं गेलं १९०७ साली, भटजी गेल्यानंतर. त्यांना वाङ्मय घडवायचं नव्हतं. कुठे काय जेवलो, दक्षिणा किती मिळाली, ती कुठे दडवली, कुठे लुटली गेली, आणि शेवटी कावडीनं गंगा आणून आईवडिलांना स्नान कसं घातलं, एवढंच सांगायचं होतं. म्हणून ते आजही ताजं आहे.

आता तुम्ही बोला. विनंती एकच. पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं आणि त्यातली एखादी जागा दाखवून बोलावं.


चैत्रपालवी

घाटमाथा, तुमच्या भटजींच्या शेजारी मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ठेवते. दोन्ही पुस्तकं एकाच सालापासून सुरू होतात, हे तुमच्या लक्षात आलं का? लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानं जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, पोरांनी कुठे शिवायचं नाही, शिवलं की मार. घराण्यावर झालेला आघात असा एका माणसाच्या डोक्यात शिरून बसला आणि सगळ्या घरानं तो सोसला. लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात. वाचताना आपणही हसतो, आणि पान उलटल्यावर पोटात खड्डा पडतो.

माझ्या मते मराठीत नवरा-बायकोवर याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. बायकोला न सांगता. त्या काळातल्या बाईसाठी हे वैधव्यापेक्षा वाईट, कारण नवरा जिवंत आहे आणि त्याच्याकडे जाता येत नाही. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या त्यांच्याकडे गेल्या, आपलं सोवळं-ओवळं त्यांनी स्वतःच विचार करून टाकलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. यात कुठेही ‘मी किती सोसलं’ असा सूर नाही. टिळकांवरचा राग आहे, त्यांच्या विसरभोळेपणाची चेष्टा आहे आणि ओळीओळीत प्रेम आहे. टिळक मोठे कवी होते. पण आज दोघांतलं कुणाचं लिखाण घरोघर वाचलं जातं ते बघा.


दूरदेशी

+१. स्मृतिचित्रे मी मोठ्यानं वाचून दाखवते, घरात सगळे ऐकतात. ते बोललेलं गद्य आहे.


खडूफळा

घाटमाथा आणि चैत्रपालवीताई, दोन्ही पुस्तके मलाही प्रिय आहेत. परंतु मूळ विधान मला मान्य नाही.

लक्ष्मीबाईंना लेखिका व्हायचे नव्हते हे कशावरून? त्या कवयित्री होत्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, पण १९१९ साली ते निवर्तले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी रचले. ओवीवर इतका हात बसलेली बाई ‘सहज’ लिहीत नसते. स्मृतिचित्रांतला एकेक प्रसंग नीट बघा. तो कुठे सुरू करायचा आणि कुठे सोडायचा, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. याला आपण साधेपणा म्हणतो, पण ती कमाई आहे.

दुसरे असे की मृत्युंजय, ययाति, स्वामी ही नावे तुम्ही एका ओळीत बाजूला ठेवलीत. मी आयुष्यभर खेड्यातल्या शाळांमधून मराठी शिकवले. पाठ्यपुस्तकापलीकडे कधीही पुस्तक हातात न धरलेली मुले ‘मृत्युंजय’ वाचून संपवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. जाडी बघून घाबरलेला मुलगा आठवड्याने येऊन विचारतो, ‘सर, कर्णाचं असं आणखी काही आहे का?’ ही ताकद कमी समजू नये. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सावंतांनी ती कथा सांगितली. एकच घटना दुसऱ्याच्या डोळ्यांनी वेगळी दिसते, हे मुलांना तिथे पहिल्यांदा कळते. अलंकार जास्त झाले आहेत, हे मीही म्हणतो. पण ज्याच्या गावात वाचनालय नाही अशा मुलाला वाचनाकडे ओढून आणणारे पुस्तक मी खाली ठेवणार नाही.


कृष्णाकाठी

खडूफळा सर, मुलांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मीही त्याच मुलांपैकी एक. पण त्या मुलाच्या हातात पुढे इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, महाभारतावरच्या निबंधांचं पुस्तक, द्यायला हवं, आणि ते आपल्याकडे होत नाही.

योगायोग बघा, मृत्युंजय आणि युगान्त ही दोन्ही १९६७ सालची. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळखही पटू नये इतके ते वेगळे. सावंतांचा कर्ण सूर्यपुत्र, दानशूर, जन्मभर अन्याय सोसलेला. इरावतीबाईंच्या कर्णाला एकच प्रश्न पडलाय, मी कोण? त्या प्रश्नानं तो आतून पोखरला गेलाय. क्षत्रियांत जागा मिळवायच्या हट्टापायी तो अशा गोष्टी करतो की ज्या आपण सोयीनं विसरतो. भर सभेत द्रौपदीबद्दल सगळ्यात हीन शब्द कुणी काढले? कर्णानं. वस्त्रं काढून घ्या असं दुःशासनाला कुणी सांगितलं? कर्णानं. घोषयात्रेत गंधर्व चालून आल्यावर दुर्योधनाला सोडून मागे कोण फिरलं? तोच. हे सगळं महाभारतात आहे. कादंबरी वाचून आपण ज्या कर्णाची पूजा बांधतो त्यात यातलं फारच थोडं उरतं.

भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून तयार केली. शेकडो हस्तलिखितं समोर ठेवून नंतरची भर बाजूला काढली. स्वयंवरात द्रौपदी ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते तो प्रसिद्ध प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. म्हणजे कर्णाच्या आपण सगळ्यात जास्त उगाळलेल्या अपमानाचा आधारच डळमळीत आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्या कर्णाला देव करत नाहीत आणि खलनायकही करत नाहीत. एका माणसाची शोकांतिका त्याच्या परिस्थितीत किती आणि त्याच्या निवडीत किती, हे शांतपणे मोजतात. पंचवीस-तीस पानांचे निबंध आहेत, पण त्यानंतर महाभारत पुन्हा पूर्वीसारखं वाचता येत नाही.

घाटमाथांच्या मताला यातून बळच मिळतं. इरावतीबाई ललित लेखिका म्हणून मिरवायला आल्या नव्हत्या. त्यांना एक गोष्ट समजून घ्यायची होती. साहित्य अकादमी १९६८ साली मिळाली ती या पुस्तकाला.


खडूफळा

युगान्तमधला कर्ण मला ठाऊक आहे आणि पटतोही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आधी कर्णावर प्रेम करू द्यावे असे मला वाटते. ज्याच्यावर प्रेम केले त्याच्याबद्दल कठोर सत्य ऐकायला माणूस पुढे तयार होतो. ज्याच्याशी काही नातेच नाही त्याची चिकित्सा कोण वाचेल?


कृष्णाकाठी

हा क्रम मान्य. फक्त दुसरं पुस्तक पोहोचायला हवं.


पैलतीर

मला मूळ मुद्द्यावरच बोलायचंय आणि मी विरोधी बाजूनं आहे. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ काढा. १९३९ सालची कादंबरी, पान शंभर-सव्वाशे. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं जहाज, जहाजावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि घरी परतणारा चक्रधर विध्वंस. त्याचं आणि हॅर्टाचं प्रेम जमतं ते दिवस मोजून, कारण मुंबईला तो उतरणार आणि ती तशीच पुढे अतिपूर्वेकडे जाणार, जिथे तिचं कुणी नाही. तो उतरतो. ती समुद्रात उडी घेते.

हे अनुभवाच्या भाबड्या कथनातून येत नाही. इथे एकेक गोष्ट ठरवून केलेली आहे. जहाजावर नाच, खेळ, जेवणाच्या घंटा चालू असतात आणि माणसं हळूहळू कळू लागतात. प्रत्येकाचं घर मागे जळालेलं आहे. लेखक कुठेही गळा काढत नाही. नायक चांगला माणूस नाही, हे लपवत नाही. त्याला तिच्यासाठी काही करता आलं असतं आणि त्यानं ते केलं नाही, हे वाचकाच्या गळ्यात टाकून पुस्तक संपतं. इतकी कमी पानं आणि इतका कमी आवाज! यासाठी लेखक असावं लागतं. हाडाचा लेखक. १९३९ साली मराठीत ज्यूंच्या वाताहतीवर कादंबरी लिहिली गेली, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही.


घाटमाथा

पैलतीर, रणांगण मीही वाचलंय आणि त्याबद्दल तुम्ही म्हणता त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. पण तुम्ही ज्याचं कौतुक करताय ते नेमकं काय आहे? गळा न काढणं, नायकाला चांगलं ठरवायचा प्रयत्न न करणं. माझ्या मनातलं तेच आहे. ‘लेखक व्हायचं नव्हतं’ याचा अर्थ अडाणी किंवा सहज असा मी घेत नाही. वाचकाकडे डोळा ठेवून, त्याला दिपवायला लिहिलेलं नाही, असा घेतो. बनगरवाडीचं उदाहरण देतो. व्यंकटेश माडगूळकर पक्के लेखक, पण स्वतः काही काळ शाळामास्तर होते, आणि ते मास्तरपण १९५५च्या त्या कादंबरीत उतरलंय. शेकूकडे एकच बैल. दुसरा मिळत नाही आणि पेरणीचे दिवस तर निघून चाललेत. तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू खांद्यावर घेते. एखाद्यानं इथे चार पानं अश्रू ढाळले असते. माडगूळकर बघतात आणि पुढे जातात.


मोहफूल

माडगूळकरांचं नाव निघालंच आहे तर ‘सत्तांतर’ राहून जाऊ नये. मी नागझिऱ्याच्या बाजूची. आमच्याकडे वानरांच्या टोळ्या गावाच्या कडेला रोज दिसतात, पण त्या टोळीत राज्य असतं, ते उलथतं, आणि नवा नर आला की जुन्या नराची पिल्लं मारतो, हे मला त्या पुस्तकानं दाखवलं. माडगूळकर सातारा-सांगलीकडचे. ते आमच्या जंगलात येऊन राहिले, झाडाखाली बसून वानरं बघितली आणि एवढंसं पुस्तक लिहिलं. १९८३ साली अकादमीचा मान मिळाला. त्यात एकही माणूस बोलत नाही. वानरांना माणसाचे विचार चिकटवलेले नाहीत, तरी आपण त्यांच्या सुखदुःखात अडकतो.

जंगलावरची बरीच पुस्तकं मी निम्म्यात सोडते, कारण झाड कोणतं, पक्षी कोणता हे धड नसतं, सगळं नुसतं हिरवंगार असतं. इथे तसं नाही. इथल्या माणसाला जाऊन दाखवलं तरी तो चूक काढणार नाही.


सांजवात

मी इतका वेळ वाचत होते. आता लिहायलाच हवं.

बेबीताई कांबळे, ‘जिणं आमुचं’. फलटणच्या. छोटं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचत वाचत त्या लिहू लागल्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. दोन-चार महिने नाही, वीसेक वर्षं. पुढे फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं, ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ला पुस्तक झालं.

घाटमाथा, तुमचं मत या बाईला लावून बघा. तिला लेखक व्हायचं नव्हतं का? नसतं तर वीस वर्षं कागद लपवले असते का? तिला लेखक व्हायचं होतं. होऊ दिलं जाणार नव्हतं. हा फरक फार मोठा आहे. अशा बायांच्या पुस्तकांना आपण ‘सहज’, ‘उत्स्फूर्त’ म्हणतो तेव्हा त्यांनी घेतलेले कष्ट आणि पत्करलेला धोका दोन्ही पुसले जातात.

आता पुस्तकाबद्दल. त्यातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. महारवाड्यातली नवी सून, आठ-दहा वर्षांची पोर. पहाटे तीनला उठवून दळायला बसवायची. हाताला फोड येतात, भाकरी नीट थापता येत नाही, म्हणून सासू सगळ्या वस्तीला दाखवत फिरते. छळ सोसवेना म्हणून पोर माहेरी पळाली की धरून आणायची आणि पायात लाकडाचा खोडा अडकवायचा. तो ओढत ती घरातलं सगळं काम करते, पायातून रक्त येतं. बेबीताई हे परक्या माणसाला दोष देऊन मोकळ्या होत नाहीत. गावानं आम्हाला गुलाम केलं आणि आम्ही आमच्या सुनांना गुलाम केलं, असं सरळ लिहितात. आपल्या माणसांबद्दल इतकं खरं लिहायला जी छाती लागते ती मला फार थोड्या पुस्तकांत दिसली.

आणि हेही खरं की त्याच वस्तीतल्या आषाढातल्या पूजा, अंगात येणं, सणाचं एक दिवसाचं पोटभर जेवण, बायांचं हसणं, यांबद्दल त्या तेवढ्याच मायेनं लिहितात. आणि आंबेडकरांचा शब्द वस्तीत पोहोचल्यावर त्याच बाया पोरांना शाळेत घालतात, मेलेल्या जनावराचं मांस टाकून देतात, देव्हारे हलवतात. मी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ (१९८०) आधी वाचलं होतं. दोन्ही थोर आहेत. पण त्या घरांच्या आत, चुलीपाशी काय चाललं होतं ते मला बेबीताईंनी सांगितलं.


चैत्रपालवी

सांजवात, ‘होऊ दिलं जाणार नव्हतं’ हे लक्ष्मीबाईंनाही लागू आहे आणि भटजींना नाही. या धाग्यावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा.


घाटमाथा

मलाही. बेबीताईंना मी माझ्या यादीतून काढून पैलतीरांच्या बाजूला देतो, हाडाच्या लेखकांत. तिथे त्या बेडेकरांच्या शेजारी बसतील.


फोडणी

मी वेगळंच पुस्तक आणते आहे, कुणी हसणार नाही अशी खात्री आहे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. १९७० साली आली आणि मराठी घरांत तिच्याइतकं हाताळलं गेलेलं पुस्तक मला माहीत नाही. माझ्याकडे आहे ती प्रत आईची. अनारशांच्या पानावर तुपाचा डाग, चकलीच्या भाजणीपाशी पेन्सिलीनं केलेल्या खुणा, शिवण सुटून आलेली.

मी तिला पाककृतींचं पुस्तक एवढंच मानत नाही, साहित्य मानते. कारण सांगते. मराठीत आधीही पाककृतींची पुस्तकं होती, धुरंधरबाईंचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं. पण घरात शिकवणारी बाई नेहमी म्हणणार, ‘अंदाजानं घाल’. तो अंदाज यायला दहा वर्षं सासूच्या हाताखाली काढावी लागायची. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापं धरली आणि तो अंदाज पानावर उतरवला. त्यामुळे नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणारी मुलगी, आईविना वाढलेली मुलगी, बायको आजारी असलेला पुरुष, सगळ्यांना वरण-भातापासून श्रीखंडापर्यंत जमू लागलं. तिचं एक वाक्य वाया जात नाही. ‘मंदाग्नीवर’ लिहिलं असेल तर तिथे खरंच आच मंदच लागते. गद्य नेमकं कसं असावं हे मी त्या पुस्तकातून शिकले, आणि आज कार्यालयात टिपणी लिहिताना ते उपयोगी पडतं.


दूरदेशी

फोडणी, माझ्या बॅगेतून इकडे आलेली पहिली दोन पुस्तकं रुचिरा आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. इकडे वसंत येतो तोवर कॅलेंडरवर चैत्र संपलेला असतो. १९५६ सालचं ते पुस्तक, महिन्याला एक लेख. मी तो तो लेख त्या त्या महिन्यात वाचते. ‘वसंतहृदय चैत्र’ वाचताना पिंपळाची तांबूस कोवळी पानं दिसतात, जी मला भारतात असताना कधी थांबून बघाविशी वाटली नव्हती. दुर्गाबाई झाडाचं कौतुक करताना नाव, रंग, फुलायची वेळ, त्यावर बसणारा पक्षी, सगळं अचूक सांगतात. मोहफूल म्हणाली तेच, नुसतं हिरवंगार नाही.

मुलांसाठी ‘पाडस’ सुचवते. मूळ रॉलिंग्जबाईंची अमेरिकन कादंबरी, मराठी राम पटवर्धनांचं, १९६७. फ्लोरिडाच्या रानातला मुलगा, त्यानं वाढवलेलं हरणाचं पाडस, आणि ते पाडस वर्षभराच्या अन्नाचं पीक खाऊ लागल्यावर बापाला घ्यावा लागणारा निर्णय. गरिबी म्हणजे काय ते मुलाला यातून कळतं. इथे जन्मलेल्या माझ्या मुलानं ते मराठीतच ऐकलं आणि शेवटाला उठून बाहेर गेला.


रस्तेवाला

मी घाटातल्या रस्त्यांच्या कामावर असतो, म्हणून ‘रारंग ढांग’ (१९८१) माझ्या आवडीचं असणारच. प्रभाकर पेंढारकर फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपटवाले, हिमालयात रस्ता बांधणाऱ्या माणसांमध्ये वावरलेले. तरुण इंजिनिअर विश्वनाथ, सैन्याची शिस्त आणि कड्यात सुरुंग लावणारे मजूर. भिंत का पडते, नियमाप्रमाणे केलेलं काम कधी कधी चुकीचं का असतं, मजूर मेला तर फाईलवर काय राहतं, हे त्यात जसं आलंय तसं मी साईटवर पाहतो. पावसाळ्याआधी कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी ते वाचायला देतो.


लघुकोन

मी बारावीत आहे. इथे सगळे मोठे बोलतायत, पण जयंत नारळीकरांचं कुणीच म्हणालं नाही म्हणून लिहितो. ‘यक्षांची देणगी’ वाचून मी विज्ञानाकडे वळलो. घाटमाथाकाका, ते तुमच्या यादीत बसतात. खगोलशास्त्रज्ञ माणूस, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही गोष्ट पाठवली, तीसुद्धा नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. आणि पहिलं बक्षीस मिळालं!

त्यांच्या गोष्टींत माणसं थोडी साधी वाटतात हे मला मान्य आहे. पण कृष्णविवराजवळ वेळ हळू जातो हे त्यांनी आधी गोष्टीतून समजावलं, सूत्र मला पुढे कळलं.


पैलतीर

लघुकोन, छान लिहिलंस. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे त्यांचं आत्मचरित्रही वाच. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. शास्त्रज्ञाचं रोजचं काम कसं चालतं ते त्यात आहे.


कृष्णाकाठी

भालचंद्र नेमाड्यांचं ‘कोसला’ अजून कुणी आणलं नाही, याचं नवल वाटतंय. १९६३ सालचं, आणि अजूनही भांडण लावणारं. मला पांडुरंगाची पुण्यातली वर्षं तितकी भिडली नाहीत, पण धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ती पानं मराठीतल्या दुःखाच्या लिखाणात सगळ्यात वरची. भाऊ गावी नसताना ती गेली आणि तो रागात, तर्कात, मूर्ख हिशेबात गुंततो, कारण रडता येत नाही. असं दुःख खरंच असतं.


मोहफूल

त्या पानांसाठी सगळं पुस्तक माफ. बाकी मला जमलं नाही.


लघुकोन

घाटमाथाकाका, ‘माझा प्रवास’ घ्यायचंय. दुकानात दोन-तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. कोणती घेऊ?


घाटमाथा

वैद्यांनी १९०७ साली छापली तेव्हा भाषेत आणि मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली संपादित केलेली प्रत वेगळी. प्रस्तावनेत पोतदारांच्या पाठाचा उल्लेख असेल ती घे. पहिली काही पानं जड जातील. वाक्यं लांब आहेत आणि तिथ्या, शके, कोसांचे हिशेब येतात. जवळ नकाशा ठेव आणि मुंबईकडून मथुरा, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असा रस्ता लावत जा. सातपुडा ओलांडेपर्यंत भाषेची सवय होते.

दूरदेशीताई, तुमच्या मुलांसाठी प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांनी २०१४ साली केलेला इंग्रजी अनुवादही आहे. पण पाडस मराठीत ऐकलेल्या मुलाला हेही तुम्हीच वाचून दाखवा. झाशीच्या लुटीचा भाग आधी स्वतः वाचून ठेवा, त्यातलं काही लहान मुलापुढे वाचण्यासारखं नाही.